भूमिकाखेळ आणि वाईटपणाची शक्यता

वाङ्मयकृती वाईट असू शकते, हे आपण गृहीत धरतो. समीक्षेचा व्यवहार त्या गृहीतावरच उभा असतो. परंतु जी कृती दर वेळी नव्या माणसांच्या तोंडून नव्याने घडते, तिच्याविषयी असा मूल्यनिर्णय करता येतो काय? टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाने, म्हणजे ज्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्याने, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात सातत्याने उभा केला आहे. चारसहा जण एकत्र येतात. एक जण निवेदक आणि पंच अशी दुहेरी जबाबदारी घेतो, इतर एकेका पात्राच्या वतीने बोलतात, आणि अनिश्चित प्रसंगांचा निकाल फाशांवर लागतो. हाताशी असते ते नियमांचे पुस्तक. चांगली मंडळी जमली तर कोणताही खेळ रंगतो, म्हणून मुळात वाईट असा खेळच नसतो, असे या खेळाचे चाहते पुष्कळदा म्हणतात. हे विधान उदार वाटले तरी ते समीक्षेला निरुत्तर करणारे आहे. म्हणून ते इतिहासाच्या कसोटीवर तपासणे आवश्यक ठरते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. तीन लहान पुस्तिकांचा तो संच रचनेच्या दृष्टीने सदोषच होता. लढाईसाठी तो 'चेनमेल' या १९७१ च्या युद्धखेळाचा हवाला देत होता, तर रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरायला सांगत होता. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस लेखकांनी वाचकाला सुचवले की, शंका आल्यास आमच्याकडे विचारणा करण्यापेक्षा तुम्हीच निर्णय घ्या. म्हणजे 'खेळ वाईट नसतो' या विधानाचे मूळ आद्य संहितेतच सापडते: उणीव राहिली तर ती भरून काढण्याची जबाबदारी खेळणाऱ्याची. पुढे १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे ग्रंथ निघाले, तेव्हा गायगॅक्स यांची भूमिका नेमकी उलटली. नियमांत मोठे फेरफार केल्यास तो हा खेळच राहत नाही, असे ते म्हणू लागले. निर्मात्यालाच संहितेचे महत्त्व अखेर मान्य करावे लागले, असा याचा अर्थ होतो.

वाचकांनी तर ते आधीच मान्य केले होते. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांना १९७४ चे नियम गोंधळाचे वाटले. त्यांनी स्वतःचे सुटसुटीत नियम रचले आणि १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' प्रसिद्ध केला. या प्रकारातील दुसरा महत्त्वाचा खेळ असा पहिल्यावरील टीकेतून जन्मला. कोणताच खेळ वाईट नसता, तर नव्या खेळाची गरज कोणाला भासली असती? या प्रकाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी परस्परांच्या मूल्यमापनाचाच इतिहास आहे.

नियम प्रयोगाला वळण देतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने राक्षस मारल्याबद्दल मिळणारे अनुभवगुण एकदम कमी केले. गुण मुख्यतः धनसंपादनातून मिळू लागताच लढाई टाळून युक्तीने ठेवा पळवणे हे शहाणपणाचे ठरले. एका कोष्टकातील आकडे बदलले आणि कथानकाची जातकुळी बदलली. नियमरचनेला महत्त्व आहे, हे रॉन एडवर्ड्स यांनी १९९९ च्या आपल्या निबंधात शीर्षकातच ठामपणे मांडले. त्यामागे असाच अनुभव उभा होता.

नाटकाच्या संदर्भात आपण संहिता आणि प्रयोग असा भेद करतो. नाटकाची संहिता उच्चारायचे शब्द देते. खेळाची संहिता शब्द देत नाही, ती कृतींच्या शक्यता आणि त्यांची किंमत ठरवते. तेव्हा तिचे परीक्षण याच अंगाने व्हायला हवे. खेळ रंगला, एवढ्याने ती निर्दोष ठरत नाही. तो तिच्यामुळे रंगला की तिला बाजूला सारून, हे पाहावे लागते. सामान्य नाटक थोर नटाने तारले, म्हणून संहिता थोर झाली असे आपण म्हणत नाही. या निकषावर १९७४ चा संच सदोष असूनही फलदायी ठरतो, कारण त्याच्या उणिवा कल्पनेला वाव देतात. याउलट २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी आलेला 'फेटल' पाहावा. शरीराच्या मोजमापांची लांबलचक कोष्टके आणि लैंगिक हिंसेला फाशांच्या हिशेबात आणणारे नियम हाच त्याचा विशेष. तो चांगला खेळायचा म्हणजे त्याचे नियम टाकून द्यायचे. आणि टाकूनच द्यायचे असतील, तर जे उरते ते श्रेय त्या खेळाचे नव्हे.

खरी अडचण मात्र दुसरीकडे आहे. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठातील दक्षिण आशियाई भाषांचे अभ्यासक. उर्दूच्या अध्यापनासाठी त्यांनी ग्रंथ सिद्ध केले. त्यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' १९७५ मध्ये निघाला. त्यातील टेकुमेल हे जग, तेथील त्सोल्यानी भाषा आणि भारतीय, इजिप्शियन व मध्य अमेरिकी पुराणकथांचे संस्कार यांमुळे तो या क्षेत्रात आदराने उल्लेखला गेला. बार्कर २०१२ मध्ये निवर्तले. १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही नवनाझी कादंबरी त्यांचीच होती, हे टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये जाहीररीत्या मान्य केले. मग तो खेळ वाईट ठरतो काय? लेखकाच्या पापाचा निवाडा संहितेवर लादणे हे जितके चुकीचे, तितकेच त्या संहितेकडे पूर्वीच्याच निरागसतेने पाहणेही. तिच्यातील गुलामगिरी, कुळे आणि जन्माधिष्ठित दर्जा यांची मांडणी कोणत्या कृतींना प्रतिष्ठा देते, हे आता अधिक बारकाईने वाचावे लागेल. त्या वाचनाचा निष्कर्ष काहीही निघो. वाचन टाळण्याची सोय मात्र उरलेली नाही.

'खेळ वाईट नसतो' ही भूमिका नेमकी तीच सोय देते. ती खेळणाऱ्याचा गौरव करते असे वाटते. वस्तुतः ती संहिताकाराला उत्तरदायित्वातून मुक्त करते. ज्या प्रकाराला आपण कला म्हणू पाहतो, त्याला वाईट असण्याचा अधिकार नाकारला, तर चांगले असण्याचा अधिकारही त्याच्याकडून काढून घेतला जातो.