चार शून्यांची हमी: स्टुर्म ते मुखोपाध्याय

वर्तुळावर एक फेरी मारताना एखादे फलन अखंडपणे बदलते आहे असे समजा. कधी धन, कधी ऋण. पूर्ण फेरीचे संकलन शून्य. फलन सगळीकडेच शून्य नसेल, तर ते निदान दोनदा चिन्ह बदलणारच. फेरी संपताना मूळ जागी यायचे, म्हणून चिन्हबदल सम संख्येनेच होतात.

आता आणखी दोन अटी घाला. फलनाला कोसाइनने आणि साइनने गुणले तरी संकलन शून्यच येते. याला लंबता म्हणतात. काटकोन कुठे दिसत नाही, शब्द भूमितीतून उसना घेतलेला. आता शून्ये निदान चार! कसे? समजा, चिन्ह दोनच बिंदूंवर बदलते. त्या बिंदूंतून सरळ रेषा ओढा. रेषेच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असणारे फलन स्थिरांक, कोसाइन आणि साइन यांच्या मिश्रणातून मिळते. त्याने मूळ फलनाला गुणले, की गुणाकाराचे चिन्ह कुठेच बदलत नाही. मग संकलन शून्य होईल कसे? अटींप्रमाणे तर ते शून्यच हवे. म्हणजे दोन बदल पुरत नाहीत, आणि तीन होऊच शकत नाहीत.

या विचाराचे मूळ शार्ल स्टुर्म यांच्या १८३६च्या लेखनात आहे. १९०३ साली हर्विट्झ यांनी तो फूरिये श्रेणींना लावला. मला तत्त्वज्ञानवाल्याला यात गंमत वाटते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले: घट दिसत नाही, म्हणून घट नाही. इथे उलटेच, श्रेणीत काही घटक नाहीत यावरून शून्ये आहेत हे कळते!

१९०९ साली कलकत्त्यात श्यामदास मुखोपाध्याय यांनी सिद्ध केले, की अंडाकृती बंद वक्राची वक्रता निदान चार ठिकाणी कमाल किंवा किमान होते. लंबवर्तुळात बरोबर चार. त्यांची वाट भूमितीची होती; पण स्पर्शिकेच्या दिशेनुसार वक्रतात्रिज्या कशी बदलते ते पाहिले, तर त्या बदलाच्या दराला आपल्या तिन्ही अटी लागू पडतात. वक्राची टोके जुळतात, यातूनच कोसाइन-साइनच्या अटी येतात. हे नाव आपल्या वर्गांत क्वचितच ऐकू येते, याची मला खंत आहे.

१९१२ साली आडोल्फ क्नेझर यांनी फुगीरपणाची अट काढून टाकली. वक्राने स्वतःला छेदू नये, एवढी अट मात्र उरलीच. आत वेटोळे असलेल्या लिमासॉन वक्राला असे बिंदू दोनच असतात.