आडनावापलीकडची वंशावळ : फ्रेंच-कॅनडातील एक शेतकरी कुटुंब

वंशावळ म्हटली की आपण बहुधा आडनाव धरून मागे जातो : वडील, आजोबा, पणजोबा. ही रीत सोपी आहे, पण अपुरी आहे. ती का अपुरी, हे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील क्लुतिए कुटुंबाच्या नोंदींवरून पाहू.

झाकारी क्लुतिए हा फ्रान्समधील पेर्श प्रांतातल्या मोर्तान्य गावचा सुतार. रोबेर जिफार याला सेंट लॉरेन्स नदीकाठी बोपोर येथे जमीनदारी मिळाली होती. त्याच्याशी १६३४ मध्ये करार करून झाकारी तेथे आला आणि पुढे शेतकरी झाला. त्याला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचे चिन्ह काढी. तरीही त्याचा माग लागतो, कारण या वसाहतीत निरक्षर माणसाचे आयुष्यही दोन ठिकाणी कागदावर येई. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन चर्चच्या नोंदवहीत; विवाहाचे करार, जमिनीचे व्यवहार आणि वाटण्या नोटरीच्या दप्तरात.

दोन ठिकाणी नोंद असण्याचा फायदा लक्षात घ्या. १६४० मध्ये क्वेबेक शहरातील चर्च जळाले आणि आधीच्या नोंदवह्या नष्ट झाल्या. त्या नंतर आठवणीवरून पुन्हा लिहिल्या गेल्या. झाकारीची मुलगी आन आणि रोबेर द्रुअँ यांचा १६३७ चा विवाह याच काळातला. मात्र १६३६ मध्ये झालेला त्यांचा विवाह-करार वाचला. करार झाला तेव्हा आन जेमतेम दहा वर्षांची होती. आपण संगणकावर बॅकअप ठेवतो, त्यामागचा विचारही हाच आहे. १६६७ च्या फ्रेंच राजाज्ञेने तर चर्चच्या नोंदवहीच्या दोन प्रती ठेवणे सक्तीचे केले : एक चर्चकडे, दुसरी न्यायालयाकडे.

आता मुख्य मुद्दा. आन १६४८ मध्ये वारली. तिच्या मुलांपैकी जेनव्हिएव्ह आणि जान या दोन मुलीच मोठ्या होऊन संसाराला लागल्या. रोबेरने दुसरे लग्न केले आणि द्रुअँ हे आडनाव त्या दुसऱ्या पत्नीच्या मुलांमधून पुढे चालले. म्हणजे केवळ आडनाव धरून शोधणाऱ्याला आन कुठेच भेटणार नाही. तिचे वंशज मात्र आहेत; ते तिच्या मुलींच्या सासरच्या आडनावांखाली आहेत.

त्यांच्यापर्यंत पोहोचवते ती विवाहाची नोंद. क्वेबेकच्या चर्चमध्ये ती करताना साधारणपणे वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे लिहीत, आणि विवाहित स्त्रीचीही ओळख तिच्या माहेरच्या आडनावाने देत. त्यामुळे एका विवाहावरून मागच्या दोन विवाहांकडे, तिथून चारांकडे जाता येते.

आडनाव आणखी एका कारणाने फसवते. अनेक घराण्यांना 'दी' या शब्दाने जोडलेले दुसरे नाव असे आणि कालांतराने एखादी शाखा तेवढेच नाव वापरू लागे. एकोणिसाव्या शतकात कामासाठी अमेरिकेतील गिरण्यांत गेलेल्यांपैकी काही लब्लां तर अर्थाचे भाषांतर होऊन व्हाइट झाले.

थोडे गणित करा. एक पिढी सुमारे ३० वर्षांची धरली, तर आजच्या तरुणापासून आनच्या काळापर्यंत साधारण १२ पिढ्या होतात. बाराव्या पिढीत पूर्वजांच्या जागा २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६. लोकसंख्या लहान असल्याने त्यांत तीच जोडपी पुन्हा पुन्हा येतात. पण आडनावाची ओळ या ४०९६ पैकी एकाच जागेकडे नेते. उलट, मुली आणि मुलगे दोघांकडूनही वंश मोजला तेव्हा माँट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाला १८०० सालापर्यंत झाकारीचे १०,८५० विवाहित वंशज आढळले.

स्वाध्याय : स्वतःच्या आईच्या आईची आई, तिचे माहेरचे नाव आणि गाव लिहून पाहा. ते कोणत्या कागदात सापडेल, याची यादी करा. जिथे कागद संपतो, तिथे कोणाची नोंद ठेवायची हे कोणी ठरवले होते, हा प्रश्न विचारा.