प्रहसनातून चित्रपट : प्रभादेवी व गिरणगाव

रंगमंचावर किंवा छोट्या पडद्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या विनोदी प्रवेशांतून लोकप्रिय झालेला नट, त्याचे ठरलेले सोंग आणि त्या सोंगाच्या बळावर निघालेला पूर्ण लांबीचा चित्रपट यांच्या नात्याविषयीची ही नोंद. मराठीत या नात्याची मुळे तमाशातल्या बतावणीत आहेत. त्याचा मुंबईतला विस्तार मुख्यतः प्रभादेवी, परळ, लालबाग, नायगाव, दादर या गिरणगावच्या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या वरळीत झाला.

तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी, वग असा. बतावणीला कथानक लागत नाही. सोंगाड्या आणि त्याला प्रश्न विचारणारा जोडीदार एवढ्यावर ती उभी राहते. प्रश्न सरळ असतो, उत्तर वाकडे येते, आणि त्या वाकड्या उत्तरात गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत कोणाचाही समाचार घेतला जातो. लिखित संहिता नावापुरती, बाकी सारे हजरजबाबीपणावर. आज वाहिन्यांवरचे कलावंत ज्याला ‘स्किट’ म्हणतात त्याची घडण याहून फार वेगळी नाही. म्हणूनच मराठी प्रहसनातून चित्रपटाकडे जाताना गोष्ट क्वचितच बरोबर गेली. गेले ते सोंग. ज्या चित्रपटांनी हे ओळखले ते तरले, असे या साऱ्या इतिहासाकडे पाहून म्हणावे लागते.

गिरण्यांच्या पाळ्या करणारा, चाळीत राहणारा आणि सुट्टीत कोकणात किंवा घाटावर गावी जाणारा प्रेक्षक इथे होता. त्याला तमाशा परका नव्हता, आणि नाटकही परके नव्हते. परळच्या दामोदर नाट्यगृहात आणि चाळींच्या गणेशोत्सवात कामगारांनीच उभी केलेली नाटके होत. प्रभादेवीत सयानी मार्गावर रवींद्र नाट्य मंदिर आहे, तर सेनापती बापट मार्गावरचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आजही कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवते. दादरला 1965 मध्ये शिवाजी मंदिर उघडले. वरळीत 2 ऑक्टोबर 1972 पासून मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तालमीची जागा, रंगमंच, चित्रपटगृह आणि पुढे टीव्हीचा स्टुडिओ, सारे एका बसच्या टप्प्यात आले. नटाला एका माध्यमातून दुसऱ्यात जायला गाव सोडावे लागले नाही, आणि प्रेक्षकही तोच राहिला.

शाहीर साबळे (1923–2015) यांनी या प्रेक्षकासाठी तमाशाचे नागरी रूप घडवले. त्याला त्यांनी मुक्तनाट्य म्हटले. ‘यमराज्यात एक रात्र’ आणि ‘आंधळं दळतंय’ ही त्यांची गाजलेली मुक्तनाट्ये. दुसऱ्यात मुंबईतल्या मराठी माणसाची परवड होती आणि ती पाहायला गिरणगाव लोटले. साबळ्यांच्या मुक्तनाट्यांचे चित्रपट झाले नाहीत. त्यांचा वाटा वेगळा आहे : बतावणीतल्या सोंगाड्याला त्यांनी शहरातल्या रोजच्या प्रश्नांवर बोलायला शिकवले. त्यांच्या पार्टीतून आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या त्यांच्या कार्यक्रमातून नटांची एक पूर्ण पिढी तयार झाली.

या नोंदीचा मध्यवर्ती दाखला कृष्णा ऊर्फ दादा कोंडके (1932–1998) यांचा. गिरणी कामगाराच्या घरात, नायगावच्या चाळीत त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी अपना बाजारात नोकरी केली, बँड पथकात वाजवले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात विनोदी कामे केली. ‘खणखणपूरचा राजा’ या लोकनाट्यानंतर वसंत सबनीसांनी त्यांच्यासाठी जो वग लिहून दिला, तो ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने 1965 मध्ये रंगमंचावर आला. राजाचा छपरी पलंग, तो मागणारी मैनावती, तिच्या जाळ्यात सापडणारा कोतवाल आणि या साऱ्यांत आपली पोळी भाजून घेणारा हवालदार, इतकीच त्याची गोष्ट. हवालदार दादांचा. त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. पुढे हा वग ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने हिंदी रंगभूमीवरही गाजला.

हवालदाराचे पात्र नीट पाहण्यासारखे आहे. तो राज्यकारभाराच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो. वरच्याने सांगितलेले त्याला करावे लागते, पण काय चालले आहे ते त्यालाच सगळ्यांत आधी कळते. त्यामुळे तो राजाशी बोलता बोलता वळून प्रेक्षकांशी बोलू शकतो, आणि प्रेक्षकांना तो आपला वाटतो. दादा या जागी रोज नवे घालत. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात येई. सबनीसांच्या संहितेने ही मोकळीक मुद्दाम ठेवली होती, आणि याचे श्रेय लेखकाला द्यायला हवे. दादांच्या कीर्तीपुढे ते नेहमी कमी पडते. नटाला श्वास घ्यायला जागा सोडून लिहिणे हे कौशल्याचे काम आहे.

चित्रपटात दादा प्रथम दिसले ते भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त (1969). स्वतःच्या निर्मितीचा ‘सोंगाड्या’ 1971 मध्ये आला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, लेखन पुन्हा वसंत सबनीसांचे, संगीत राम कदमांचे. इथे सहज करता येण्याजोगी गोष्ट होती ‘विच्छा’च पडद्यावर आणण्याची. ती त्यांनी टाळली. सबनीसांनी नवी गोष्ट रचली : करारी आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, घराबाहेर पडतो आणि शेवटी स्वतःच सोंगाड्या होतो. हवालदाराची वर्दी गेली. सैल अर्धी चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी आली. पण समोरच्याचा प्रश्न न कळल्यासारखे करून वर्मी घाव घालण्याची बतावणीची रीत तशीच राहिली. रत्नमालांची आई आणि उषा चव्हाणांची तमासगीर यांच्यामध्ये नाम्याला उभे केल्याने त्याच्या भाबडेपणाला दोन्हीकडून ताण मिळाला. एरवी नुसत्या सोंगावर अडीच तास निघाले नसते.

त्याच 1971 मध्ये इंग्लंडमध्ये ‘मॉन्टी पायथन’ मंडळीने आपल्या टीव्हीवरच्या प्रहसनांचे पुन्हा चित्रीकरण करून ती एका चित्रपटात ओवली. अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने पुढे ‘द ब्लूज ब्रदर्स’ (1980) आणि ‘वेन्स वर्ल्ड’ (1992) यांत आपली पात्रे घेऊन नवी गोष्ट बेतली. सबनीस आणि कोंडके यांनी हा दुसरा मार्ग ‘ब्लूज ब्रदर्स’च्या नऊ वर्षे आधी चोखाळला होता, हे मराठी चित्रपटाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवे.

‘सोंगाड्या’च्या प्रदर्शनाची हकिकत दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाशी जोडलेली आहे. देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’साठी हा मराठी चित्रपट मागे सारला जात होता. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर धडकले आणि ‘सोंगाड्या’ लागला. त्याने रौप्यमहोत्सव साजरा केला. या प्रसंगाचे राजकीय अर्थ अनेकांनी लावले आहेत. या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतके की चित्रपटगृह मिळाल्यावर ते भरायला जो प्रेक्षक आला तो आधी ‘विच्छा’ पाहिलेला होता. नुसत्या मोर्च्याने पंचवीस आठवडे खेळ भरत नाहीत.

हवालदार मात्र पडद्यावर यायचा होताच. ‘पांडू हवालदार’ (1975) हा दादांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. वगातल्या राजाच्या दरबारातला हवालदार आता शहराच्या रस्त्यावर आला. जोडीला अशोक सराफ यांचा सखाराम हवालदार होता. जुन्या बतावणीतली प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा ही जोडी या दोघांत पुन्हा जमली. सराफांनी पुढे जे दीर्घ यश मिळवले त्याची सुरुवात या जोडीत झाली. विजय पाटील आणि सुरेंद्र हेंद्रे या संगीतकारांना ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दादांनी दिले तेही याच चित्रपटाच्या वेळी.

‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ असे दादांचे चित्रपट येत राहिले. लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाल्याची नोंद गिनीज बुकात गेली. द्वयर्थी संवादांवरून सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत आणि अभिजन समीक्षक नाक मुरडत. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. नंतरच्या हिंदी चित्रपटांत चावटपणा उरला आणि हवालदाराची वरच्यांकडे पाहण्याची तिरकी नजर हरवली. पण पहिल्या पाच-सहा चित्रपटांना त्याच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे. त्यांतला विनोद अंगाने, कानाने आणि गावरान बोलीच्या ठेक्याने चालतो. संवादानंतर हशासाठी सोडलेली जागाही त्यांत जाणवते. प्रेक्षकाला उत्तर देण्याची सोय पडद्यावर नसते, ती उणीव दादांनी अशी भरून काढली.

कलापथकातल्या दोघा सहकाऱ्यांची वाट वेगळी गेली. निळू फुले ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या शंकर पाटलांच्या लोकनाट्याने गाजले, पण अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त (1968) ते झेलेअण्णा झाले आणि विनोदी नटाचा खलनायक बनला. राम नगरकर यांनी आपल्या ‘रामनगरी’ या आत्मकथनाचे एकपात्री प्रयोग केले. कांतिलाल राठोड यांनी त्यावर 1982 मध्ये हिंदी चित्रपट काढला आणि नगरकरांच्या जागी अमोल पालेकर आले. गोष्ट पडद्यावर पोहोचली, सांगणारा मागे राहिला. पालेकर समर्थ नट आहेत, तरीही नाभिकाच्या घरातली ती हकिकत नगरकरांच्याच तोंडून ऐकलेल्यांना चित्रपट पाहुण्यासारखा वाटावा यात नवल नाही.

वरळीच्या दूरदर्शन केंद्राने आणखी एक दाखला दिला. चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ मराठी पडद्याला जुनेच. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावं करून’ (1940) आणि ‘सरकारी पाहुणे’ (1942) या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ती कामे केली होती. दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. विजया जोगळेकर-धुमाळे यांच्या या मालिकेतली ही जोडी इतकी घरोघरची झाली की 1979 मध्ये विनय धुमाळे यांनी ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट काढला तेव्हा दुसऱ्या नटांचा विचारही शक्य नव्हता. छोट्या पडद्यावरच्या नटांनी आपलीच पात्रे मोठ्या पडद्यावर नेण्याचे मराठीतले हे ठळक उदाहरण.

प्रभादेवीच्या ज्या संकुलात रवींद्र नाट्य मंदिर आहे त्या कला अकादमीला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ‘बटाट्याची चाळ’मध्ये पु. ल. एकटेच सारी चाळ उभी करीत. त्यांच्या पात्रांवर क्षितिज झारापकरांनी ‘गोळाबेरीज’ (2012) काढला आणि प्रत्येक वल्लीला स्वतंत्र नट मिळाला. पात्रे ओळखीची वाटतात, पण ती एकमेकांना बांधणारा पुलंचा आवाज नसल्याने चित्रपट ओळखपरेडीसारखा पुढे सरकतो.

साबळे परंपरेची पुढची कडी त्यांचे नातू केदार शिंदे. भरत जाधव आणि अंकुश चौधरी हेही ‘लोकधारा’तूनच आले. शिंदे यांचे ‘सही रे सही’ 15 ऑगस्ट 2002 रोजी रंगमंचावर आले. त्यात भरत जाधव अनेक भूमिका करतात. एका दाराने एक जण जातो, श्वास घ्यायच्या आत दुसऱ्या दाराने वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या आवाजात दुसरा येतो. प्रेक्षक टाळी देतो ती या धावपळीला. यांतल्या गलगलेला 2008 मध्ये ‘गलगले निघाले’ हा स्वतंत्र चित्रपट मिळाला, दिग्दर्शक शिंदेच. सोंग पूर्ण उचलून नव्या गोष्टीत घालण्याची ‘सोंगाड्या’ची रीत इथे पुन्हा दिसते. अडचण अशी की रंगमंचावर गलगले येतो तेव्हा तो आताच दुसरा कोणी होता हे आपण विसरलेलो नसतो. कॅमेऱ्यासमोर कपडे बदलायला हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून पडद्यावरच्या गलगलेची मजा फक्त लकबींवर येऊन ठेपते.

झी मराठीच्या ‘चला हवा येऊ द्या’तल्या (2014 पासून) भाऊ कदम आणि कुशल बद्रिके या जोडीला घेऊन विजू माने यांनी 2021 मध्ये ‘पांडू’ काढला. वाहिनीवर रुळलेल्या जोडीला चित्रपट द्यायचा तर तिला हवालदाराची वर्दी द्यावी, हे सुचणे दादा कोंडक्यांना दिलेली उघड मानवंदना होती. सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने (2018 पासून) उलट पाऊल टाकले. सचिन गोस्वामी यांचे दिग्दर्शन आणि सचिन मोटे यांचे लेखन असलेला ‘गुलकंद’ 1 मे 2025 रोजी प्रदर्शित झाला. त्यात समीर चौघुले आणि ईशा डे हे हास्यजत्रेचे कलावंत आणि कार्यक्रमाचे परीक्षक सई ताम्हणकर, प्रसाद ओक होते, पण कार्यक्रमातले एकही गाजलेले सोंग घेतले नव्हते. चमू तोच ठेवून पात्रे नवी घडवण्याचा हा मार्ग मराठीत अजून फारसा रुळलेला नाही. गोस्वामी-मोटे यांच्या पुढच्या चित्रपटांकडे त्यासाठी लक्ष ठेवावे लागेल.