‘ओके’ म्हणजे पोच, की मंजुरी?

गेल्या आठवड्यात आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. बाजारामागची मोकळी जागा पार्किंगला द्यायचा प्रस्ताव आहे, सर्वांनी नोंद घ्यावी. खाली धडाधड ‘ओके’ पडले. काही ‘ओक्के’, काही नुसते अंगठे. दोन दिवसांनी तेच ‘ओके’ दाखवून “लोकांची संमती आहे” असं सांगणं सुरू झालं. ग्रुपमधल्या एका काकांना फोन केला तर ते वैतागले, “अहो, वाचलं एवढंच कळवलं मी. मंजूर कधी म्हणालो?”

मग म्हटलं, हा शब्द मुळात आला कुठून ते एकदा बघूच.

तर ‘ओके’चा जन्म पेपरवाल्यांच्या टवाळीतून झालाय. आमच्याच धंद्याचं पाप! २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो पहिल्यांदा छापलेला सापडतो. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन. त्या काळी बोस्टनच्या पेपरांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं वापरायची फॅशन होती. ‘ऑल करेक्ट’ हे ‘ऑल’ला ओ आणि ‘करेक्ट’ला के लावून लिहायचं, म्हणून ओके. ‘ऑल राइट’चंही असंच ‘ओडब्ल्यू’ केलं होतं. ते मेलं, ओके जगलं.

जगलं ते निवडणुकीमुळे. १८४० साली अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. ‘ओल्ड किंडरहूक’ची आद्याक्षरंही ओके! समर्थकांनी लगेच ‘ओके क्लब’ काढले. विरोधकांनी त्याच अक्षरांची टिंगल केली. त्यांच्या पेपरांनी अफवा सोडली, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, ते कागदांवर ‘ऑल करेक्ट’ म्हणून ओके खरडायचे. साफ खोटं, पण आजही कुणीतरी ते फॉरवर्ड करतंच. व्हॅन ब्यूरेन सपाटून हरले, हॅरिसन यांना २३४ मतं आणि यांना ६०. माणूस गेला, घोषणा राहिली.

आपल्याकडचं आठवलं ना? जून २०२२, गुवाहाटीचं हॉटेल, सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचा तो फोन. झाडी, डोंगार, हाटील आणि शेवटी ओक्के. महिनाभर पोरंसोरं तेच बोलत होती. २०२४ ला बापूही पडले. योगायोग म्हणा हवं तर, मी काही सिद्धांत मांडत नाहीये.

शब्दाच्या कुळाबद्दल मात्र शंभर वर्षं नुसते तर्क चालले होते. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो ‘ओकेह’ असा लिहायचे, कारण तो चोक्टॉ आदिवासींच्या भाषेतला आहे असं त्यांचं मत. शेवटी कोलंबिया विद्यापीठाचे अॅलन वॉकर रीड यांनी जुने पेपर चाळून १९६३-६४ मध्ये लेख लिहिले आणि बोस्टनचा धागा पक्का केला. जुने अंक रद्दीत घालणाऱ्यांनी हे वाचावं. (आमच्या ऑफिसातही असे लोक आहेत.)

आता आपल्या मुद्द्याचं. पुढे तारयंत्र आलं तेव्हा तारमास्तरांनी हा शब्द उचलला. त्यांच्या लेखी ओके म्हणजे मजकूर नीट पोचला. त्या मजकुराशी ते सहमत आहेत की नाही हा प्रश्नच नव्हता! म्हणजे काकांचं ‘ओके’ हे तारमास्तरांचं. कंप्युटरवरचं ओकेचं बटण मात्र दुसरं, दाबलं की काम होऊन जातं. एकाच शब्दात पोचही आली आणि परवानगीही, आणि सोयीचा अर्थ निवडायची मुभा कायम समोरच्याला.

मराठीत हा घोळ एवढा नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘बरं बघू’ म्हणजे बहुतेक नाहीच. ‘चालेल’ म्हणजे पसंत नाही, पण निभावून नेऊ. ‘हरकत नाही’ म्हणजे आडवा येणार नाही, पण उद्या माझं नाव सांगू नका. ‘झ्याक’, ‘बेस’, ‘लई भारी’ ही मनापासूनची. आणि ‘मंजूर’ हा दफ्तरातला शब्द अरबीतून आला. त्याचं आणि ‘नजर’चं मूळ एकच, म्हणजे नजरेखालून गेलेलं. आता न बघता मंजूर होतं ते सोडा.

शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी मोर्तब उमटवत. ‘मर्यादेयं विराजते’, मजकूर इथे संपला. त्याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. आपला ‘शिक्कामोर्तब’ तिथलाच. आज ग्रामसभेच्या रजिस्टरवर आधी सह्या आणि वर ठराव नंतर, असली प्रकरणं तालुक्यात कुणाला नवीन नाहीत. व्हॉट्सअॅपवर तर सहीचीही गरज उरली नाही.

त्या मोकळ्या जागेवर मंगळवारी भाजीवाल्या बसतात, साठेक जणी तरी असतील. त्यातल्या फार थोड्या त्या ग्रुपवर आहेत. काल तिघींशी बोललो, त्यांना प्रस्तावच माहीत नव्हता.

ज्यांनी ‘ओके’ टाकलंय आणि मनात ‘बरं’ होतं, त्यांनी ग्रुपवर तसं लिहा. आणि हरकत असेल तर ती साध्या कागदावर लेखी द्या, आवक-जावकला पोच घ्या. माझा अर्ज उद्या सकाळी देतोय. कुणाला सोबत यायचं असेल तर साडेदहाला एसटी स्टँडसमोर भेटा.