लिबरेटर विमाने : आठवण आणि अवशेष

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमानांविषयी हौशी अभ्यासकांनी जमविलेल्या आठवणींचे वाङ्मय पाश्चात्त्य देशांत विपुल आहे. आपल्याकडील इतिहाससंशोधक त्याकडे सहसा फिरकत नाहीत. वस्तुतः त्यातील एक प्रकरण मुख्यतः भारतातच घडलेले असून त्याचा बराचसा भाग पुण्याच्या तळाशी निगडित आहे.

चार इंजिनांची, ११० फूट पंखविस्ताराची लिबरेटर विमाने अमेरिकेत १८ हजारांहून अधिक बांधली गेली. ब्रिटिश वायुदलाला ती लेंड-लीज कराराने मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत करणे, त्यांची किंमत चुकविणे किंवा ती निकालात काढणे, एवढेच मार्ग उरले. कानपूर येथे गोळा झालेली अनेक विमाने अशा रीतीने मोडतोड करून तेथेच टाकून देण्यात आली. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांतून सुमारे ४२ विमाने पुन्हा उभी केली. प्रथम जुजबी डागडुजी करावयाची आणि मग ते विमान कानपूरहून बंगलोरला उडवीत न्यावयाचे, अशी ही रीत होती. हे धाडस कारखान्याचे मुख्य चाचणी-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी केले.

मोडतोड नेमकी कशी झाली, याविषयी मात्र आठवणींत एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो, इंजिनांत वाळू ओतली. कोणी कुदळींचे घाव सांगतो. कोणी यारीने उचलून विमान खाली आपटल्याचे सांगतो. हे सारे प्रत्येक विमानाच्या वाट्याला आले असते तर एकही विमान पुन्हा उडते ना. तेव्हा नासधूस सर्वत्र सारखी नव्हती, एवढेच अनुमान आम्हांस सुरक्षित वाटते. कथा सांगता सांगता वाढते, हे बखरींच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको.

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांसह ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. जानेवारी १९५१ मध्ये पुण्यास पुनर्घटित झालेल्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे समुद्रटेहळणीचे काम आले. १९६८ च्या अखेरीस ही विमाने निवृत्त झाली, तेव्हा लष्करी सेवेतील जगातील ती शेवटची लिबरेटर होती.

निवृत्तीच्या सुमारास परदेशी संग्रहालयांची दृष्टी त्यांजकडे वळली. १९६८ मध्ये एक विमान लायसँडर विमानाच्या मोबदल्यात कॅनडास गेले. १९६९ मध्ये एक अमेरिकेतील टूसॉन येथे, तर १९७४ मध्ये एक ब्रिटनला उडत गेले. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने आणखी एक मिळविले. ते पुढे अमेरिकेत जाऊन १९८९ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले. भारतात नसते टिकले तर ही विमाने आज कोठेच दिसली नसती.

तथापि ती जतन करणाऱ्यांनी त्यांवर जो रंग चढविला, तो युद्धकाळचा. टूसॉनचे विमान इंग्लंडमधील अमेरिकन दलाच्या वेषात उभे आहे. त्यावर ‘बंगे बकरू’ हे नाव झळकते. पुन्हा उडालेल्या विमानाने तर ‘ऑल अमेरिकन’ हे नाव धारण केले. युद्ध काही वर्षांचे, भारतीय सेवा जवळजवळ दोन दशकांची. पण प्रेक्षकास पहिलेच दिसते. याबद्दल हौशी मंडळींस केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. कारखान्याचा मूळ क्रमांक आणि ‘एचई’ने आरंभ होणारा भारतीय क्रमांक यांची सांगड चिकाटीने त्यांनीच घातली, ब्रिटनमधील ‘केएन ७५१’ म्हणजेच आपले ‘एचई ८०७’, हे त्यामुळेच निश्चित सांगता येते. रंगाखालील लेख वाचण्याची ही विद्या आपल्या ताम्रपटाभ्यासाहून फार निराळी नाही.

जाता जाता एक स्थानिक गोष्ट. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या विमानटपालासाठी मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून सोनेगावास उतरणाऱ्या डाकोटा विमानांत प्रॅट अँड व्हिटनीचे चौदा सिलिंडरचे जे इंजिन होते, त्याच कुळातील चार इंजिने लिबरेटरवर असत. संग्रहालयात विमान जपता येते. त्याचा घरघराट मात्र ऐकणाऱ्याच्या कानातच राहतो. लोहगावच्या कारागिरांनी आणि वैमानिकांनी तो कसा ऐकला, हे मराठीत अद्याप फारसे टिपले गेलेले नाही, आणि त्या पिढीतील जे हयात आहेत त्यांची वये आता ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत.