दुखणं जातं कुठे? ८४ दिवस धावणाऱ्यांची गोष्ट

कानात इअरफोन आणि पायात रनिंग शूज असतील, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

गेल्या वर्षी मी पहिली हाफ मॅरेथॉन धावलो. सतराव्या किलोमीटरला गुडघा ठणकायला लागला. शेजारून पळणारा एक अनोळखी दादा म्हणाला, "थांबू नकोस रे, होतं बंद थोड्या वेळाने." आणि खरंच झालं! मेडल घेतलं, फोटो काढले. मग पुढचे दोन महिने जिना उतरताना कठडा धरत होतो. मग शेवटच्या त्या चार किलोमीटरमध्ये माझं दुखणं गेलं होतं कुठे?

उत्तर शोधायला आधी जाऊ १९२८ च्या अमेरिकेत. ४ मार्चला लॉस एंजेलिसहून १९९ धावपटू न्यूयॉर्कला निघाले. पायी! अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. पेपरवाल्यांनी या शर्यतीला नाव दिलं 'बनियन डर्बी'. आपलं गंजीवालं बनियन नव्हे हं. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी जी दुखरी गाठ येते, तिला इंग्रजीत बनियन म्हणतात. ८४ दिवसांनी फक्त ५५ जण पोहोचले. जिंकला ओक्लाहोमाचा वीस वर्षांचा चेरोकी तरुण, अँडी पेन. बक्षीस २५ हजार डॉलर. त्यातून त्याने घरच्या शेतावरचं कर्ज फेडलं.

याला दुखलंच नसेल का? त्या काळी हे मोजायची सोय नव्हती.

१९७५ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी दाखवलं, की अफूसारखं काम करणारी रसायनं मेंदू स्वतःच तयार करतो. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी दहा धावपटूंना दोन तास पळवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा पळाल्यावर ही रसायनं वाढल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे तो दादा अगदीच थापा मारत नव्हता.

पण रसायनांचा हा असर काही तासांचा. ८४ दिवस रोज सकाळी सुजलेले पाय बुटात घालायचे, ते कशाच्या जोरावर?

आता या २००९ मध्ये. इटलीतलं बारी ते नॉर्वेचं उत्तर टोक: ४,४८७ किलोमीटर, ६४ दिवस, एकही सुट्टी नाही. या वेळी धावपटूंच्या मागोमाग एमआरआय मशीन बसवलेला ट्रक होता! वोल्फगांग फ्रॉइंड आणि सहकाऱ्यांनी निघण्याआधीच अकरा धावपटूंना हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावला. मर्यादा तीन मिनिटं. अकराच्या अकरा जण टिकले. न धावणाऱ्या अकरा जणांत फक्त तीन टिकले. त्यांची सरासरी होती ९६ सेकंद.

धावपटूंनाही दुखत होतंच. तरी त्यांनी हात बाहेर काढला नाही.

मग ही माणसं जन्मतःच अशी, की धावून धावून अशी झाली? या चाचणीवरून ते सांगता येत नाही. पण २०१४ चा सिडनीतला एक प्रयोग आहे. साध्या, निरोगी लोकांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास जोरात सायकल मारली. मग दंडाला बीपीसारखा पट्टा आवळून त्यांची चाचणी घेतली. दुखायला सुरुवात कधी होते, यात काही फरक नाही पडला. पण सहन करायची ताकद वाढली. व्यायाम पायांचा, आणि सोसायला शिकला हातही!

म्हणजे सरावाने दुखण्याची घंटा बंद पडत नाही. ती वाजत असताना काम चालू ठेवायची सवय लागते.

आणि मंडळी, इथेच गोची आहे. घंटा कधीकधी खरोखर आग लागल्यावर वाजते. माझा गुडघा सतराव्या किलोमीटरला खरंच बोलत होता. मी ऐकलं नाही. अँडी पेनसमोर घरचं कर्ज होतं. माझ्यासमोर होता एक फोटो.

म्हणून आता माझा एक साधा नियम आहे. दोन्ही पाय सारखेच भरून आले, तर पळत राहतो. एकाच जागी टोचायला लागलं आणि चाल बदलली, तर थांबतो. मेडल पुढच्या वर्षीही मिळतं.

तुम्ही कधी दुखणं दाबून पळालात का? मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पळत राहा, पण गुडघ्याचंही ऐका!