चला, साक्षीला!

पाठ आखडलीय? आखडणारच. रात्रभर तुम्ही दोन खुर्च्यांवर टाकलेल्या फळीवर झोपलात. साल १९१२, जुलै महिना, न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरची चाळ. तुम्ही या रशियन ज्यू कुटुंबाचे पोटभाडेकरू. उशाशी कोळशाची शेगडी पेटलीय, तिच्यावर कपडे उकळतायत आणि साबणाची वाफ थेट तुमच्या नाकात जातेय. खिडकीतून हेरिंग माशांच्या पिंपांचा खारट दर्प येतोय, घोड्यांच्या लिदेचा वास येतोय, हातगाडीवाल्यांची यिडिशमधली बोंबाबोंब येतेय. हवा तेवढी येत नाही. संडास बाहेर, जिन्याजवळ. रांगेत उभे राहा, लाजू नका.

आज घरधनी नागरिक व्हायला कोर्टात निघालाय आणि तुम्ही त्याचे साक्षीदार आहात. त्याला पाच वर्षं ओळखणारे, स्वतः नागरिक असलेले दोघे लागतात. माणूस चांगल्या वर्तणुकीचा आहे, असं शपथेवर सांगायला. वर्तणूक चांगलीच आहे, घोरणं सोडलं तर. दुसरा साक्षीदार खालचा लोणचेवाला. आंघोळ करून आलाय तरी त्याच्या बाह्यांना लसूण आणि शेपूचा वास येतोय. दिवसाची कमाई बुडाली म्हणून तो वाटभर कुरकुरतो.

सिटी हॉलजवळ, पोस्टाच्या इमारतीतलं कोर्ट. बाकांवर पुरुषच पुरुष, भर उन्हाळ्यात लोकरीच्या कोटांत. डांबरगोळ्या, घाम, तंबाखू. तुमचा मित्र ‘टाफ्ट, टाफ्ट’ पुटपुटतोय. शाळेत जाणाऱ्या मुलीनं राष्ट्राध्यक्षाचं नाव घोकून घेतलंय. त्याचा पुकारा होतो. तुम्ही अराजकवादी आहात का? नो. एकापेक्षा जास्त बायका? या वेळी तो इतक्या जोरात ‘नो’ म्हणतो की कारकून दचकतो. मग हात वर करून तो झार निकोलसशी असलेली सगळी निष्ठा सोडून देतो. झाराला याचा पत्ताही नाही.

पत्ता घरधन्याच्या बायकोलाही नाही. तिकडे ती बटाटे सोलतेय आणि इकडे नवऱ्याच्या शपथेसरशी तीही अमेरिकन झाली! तिला कुणी कोर्टात बोलावलं नाही, काही विचारलं नाही. १९२२ साली कायदा बदलेपर्यंत हे असंच चालायचं. रशियात जन्मलेली मुलगीही बापाच्या मागून नागरिक झाली. या बाबतीत घरात सगळ्यांत ज्येष्ठ कोण, तर जमिनीवर रांगणारं शेंडेफळ. ते इथंच जन्मलं, म्हणून पहिल्या दिवसापासून अमेरिकन.

परतल्यावर बटाटे आणि हेरिंगचं ताट पुढ्यात येतं. शेजारी दारात गोळा होतात. आई-बापाला इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा मुलगी खुर्चीवर चढून दाखला खड्या आवाजात वाचते. बापाचं नाव, उंची, केसांचा रंग. मग आईचं नाव. मग आईचं वय.

‘एकतीस?’ आईच्या हातातला डाव थांबतो. ‘मला एकोणतिसावं चालू आहे! कोणी सांगितलं यांना?’

नवरा घाईघाईनं बाळाला उचलतो. ती तुमच्याकडे वळते. ‘साक्षीदार तुम्हीच होतात ना?’

हेरिंगचा घास तुमच्या घशातच अडकतो.